तिसरी खुर्ची कुणाची?

दर महिन्याला आपल्या घरी विजेचे बिल येते. हल्ली ते मोबाईलवरही येते. त्यातल्या दोनच गोष्टी आपण पाहतो: किती भरायचे आणि कधीपर्यंत भरायचे. मागच्या महिन्यापेक्षा आकडा मोठा असेल तर गिझर आणि पंख्यावरून घरात दोन शब्द होतात. लहान असेल तर बिल खिळ्याला अडकवले जाते. पण त्याच कागदावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे आणखी पाच-सहा रकाने असतात. हे आकडे कुणी ठरवले, ठरवताना कुणाला विचारले आणि आपल्या बाजूने तिथे कुणी बोलले का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी थोडे सांगायचे आहे.

लक्ष्मीपुरीत एका दुकानात तांदूळ महाग वाटला तर आपण शेजारच्या दुकानात जातो. विजेचे तसे करता येत नाही. घरासमोरच्या खांबावरून येणारी तार एकाच कंपनीची असते. जिथे दुकान एकच, तिथे घासाघीस चालत नाही. मग भाव वाजवी आहे की नाही हे कुणीतरी त्रयस्थाने पाहावे लागते. पूर्वी आपल्याकडे असा त्रयस्थ नव्हता. १९६० साली स्थापन झालेले राज्य वीज मंडळच वीज विकायचे, आणि सरकारच्या सल्ल्याने दरही तेच ठरवायचे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाच्या वेळी या पद्धतीचा मोठा फटका आपण पाहिला. महागडी वीज घेण्याचा करार १९९३ मध्ये झाला. त्यातले आकडे सामान्य माणसासमोर उघडपणे मांडले गेले नव्हते. २००१ मध्ये ती वीज घेणे मंडळाला परवडेनासे झाले आणि प्रकल्प बंद पडला. तोवर वेळ निघून गेली होती.

याच काळात देशात वीज नियामक आयोगांची कल्पना आली. १९९८ मध्ये त्यासाठी केंद्राचा कायदा झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग स्थापन झाला. पुढे २००३ चा वीज कायदा आला. ६ जून २००५ पासून जुन्या मंडळाच्या जागी वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यातली आपल्या दारात येते ती महावितरण.

आता दर ठरवण्याची रीत पाहू. कंपनी आपला जमाखर्च आयोगासमोर मांडते आणि अमुक दर हवा असे मागते. हा प्रस्ताव कंपनीला जाहीर करावा लागतो. त्याचा गोषवारा वृत्तपत्रांत छापावा लागतो. त्यावर कोणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो आणि जाहीर सुनावणीत उभा राहून बोलू शकतो. आपल्या भागाला सहसा पुण्याची सुनावणी जवळची पडते. कंपनीला प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावे लागते, आणि आयोगाला कारणांसह आदेश द्यावा लागतो. कायद्याने त्यासाठी १२० दिवसांची मुदत घातली आहे.

पण हजारो पानांचा प्रस्ताव वाचणार कोण? कापड विणणारा, ऊस पिकवणारा किंवा घर सांभाळणारी गृहिणी तो वाचू शकत नाही. म्हणून ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी एखाद्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमण्याची तरतूद कायद्याच्या ९४ व्या कलमात आहे. आपल्या आयोगाने या तरतुदीचा चांगला उपयोग केला. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांना ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली. जाहीर सुनावणीच्या आधी प्रस्तावाची तांत्रिक छाननी होते. त्या बैठकीत आयोगाचे तज्ज्ञ, कंपनीचे अधिकारी आणि हे प्रतिनिधी एकत्र बसतात. हा आकडा कुठून आला, याचा हिशेब जोडा, ही माहिती अपुरी आहे, असे प्रश्न तिथे विचारले जातात. प्रयासच्या ऊर्जा गटाचे गिरीश संत यांचे २०१२ मध्ये अकाली निधन झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रूक्ष काम वर्षानुवर्षे केले. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना यांनी यंत्रमागधारक, शेतकरी आणि घरगुती ग्राहकांची बाजू अशीच आकडे हातात घेऊन मांडली.

आकडे उघडे झाले की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण वीजगळतीचे आहे. ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या बिलाशी येतो.

समजा, एका गावाकडे जाणाऱ्या वाहिनीवर १०० युनिट वीज सोडली. घरे, दुकाने आणि पिठाची गिरणी यांचे मीटर वाचल्यावर ४० युनिटचा हिशेब लागला. उरली ६० युनिट. गावातल्या शेतीपंपांना मीटर नाहीत. त्यांचे बिल पंपाच्या अश्वशक्तीवर, म्हणजे एचपीवर, ठोक आकारले जाते. मग पंपांनी किती वीज ओढली? ४५ युनिट ओढली असे कागदावर लिहिले तर गळती १५ युनिट ठरते. ३० ओढली असे लिहिले तर गळती ३० युनिट होते. वाहिनी तीच, गाव तेच, वीजही तेवढीच. फक्त अंदाज बदलला आणि गळती दुप्पट झाली.

नेमके हेच महाराष्ट्रात घडले. आयोग येण्यापूर्वी वीज मंडळाची गळती अनेक वर्षे साधारण १५ ते १८ टक्के सांगितली जात होती. २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत आयोगाने आणि ग्राहक प्रतिनिधींनी शेतीच्या वापराचा हिशेब तपासायला घेतला, तेव्हा ती ३० टक्क्यांच्या वर निघाली. ही वीज एका रात्रीत गळू लागली नव्हती. आधीही ती गळतच होती, चोरीला जातच होती. ती शेतकऱ्याच्या नावावर दाखवली जात होती, एवढेच.

यात कंपनीची अडचणही समजून घेतली पाहिजे. लाखो पंप रानोमाळ पसरलेले आहेत. नदीकाठच्या मळीत पावसाळ्यात मीटर पाण्याखाली जातो. मीटर बसवायला अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचाच विरोध होता. निवडणुका जवळ आल्या की माफीच्या घोषणा होत आणि वसुली थंडावे. २००४ मध्ये शेतीची वीज मोफत झाली आणि पुढच्याच वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला. हे सगळे खरे आहे. पण अंदाज चुकला तर त्याचा भार कुणाच्या तरी खिशावर पडतोच, हेही तेवढेच खरे आहे. शेतीचा वापर फुगवून दाखवला की सरकारी अनुदानाचा आकडा फुगतो. शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी उद्योगांवर जादा दर लावला जातो, म्हणून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याचे बिल वाढते. इचलकरंजीचा यंत्रमाग महाग वीज वापरतो. आणि शिरोळचा ऊसकरी शेतकरी न वापरलेल्या विजेचा थकबाकीदार ठरतो. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गळती मात्र तशीच राहते.

हा वाद वीस वर्षे चालला. अखेर शेतीच्या वापराचा अभ्यास करण्यासाठी आयोगाने एक कार्यगट नेमला. वाहिन्यांवरच्या मीटरच्या नोंदी घेऊन शेतीचा वापर मोजला गेला. मार्च २०२० च्या दर-आदेशात आयोगाने या अहवालाचा आधार घेतला. शेतीच्या विक्रीचा आकडा खाली आणला गेला आणि त्या प्रमाणात गळतीचा आकडा वर गेला. ग्राहक संघटना जे सांगत होत्या त्यातला मोठा भाग असा मोजमापाने पुढे आला. मोर्चात दिलेली घोषणा कितीही खरी असली तरी दुसऱ्या दिवशी विरते. आयोगाच्या आदेशात उतरलेला आकडा पुढच्या प्रत्येक सुनावणीत पुन्हा समोर ठेवता येतो.

या तिघांचे एकत्र बसणे केवळ भांडणासाठीच असते असे नाही. २००६ मध्ये राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता आणि तासन्‌तास भारनियमन चालू होते. त्या वेळी पुण्यात एक वेगळा मार्ग निघाला. कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवायची, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्यासाठी येणारा जादा खर्च शहरातल्या मोठ्या वापराच्या ग्राहकांकडून घ्यायचा, अशी ती योजना होती. उद्योगांच्या संघटनेने ती मांडली, महावितरणने साथ दिली आणि जाहीर सुनावणी घेऊन आयोगाने तिला मान्यता दिली. तिच्यावर टीकाही झाली. पैसे मोजणाऱ्या शहराला वीज आणि खेड्याला अंधार, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण जादा पैसे किती, कुणाकडून आणि कशासाठी घ्यायचे, हे चार भिंतींआड न ठरता सर्वांसमोर ठरले. पुढे ठाणे आणि नवी मुंबईतही या प्रकारचे प्रयत्न झाले.

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. दर आयोग ठरवतो, पण आपली रोजची गाऱ्हाणी लहान असतात. मीटर जोरात पळतो. रीडिंग न घेताच सरासरी बिल येते. नवी जोडणी महिनोन्‌महिने मिळत नाही. तीन एचपीच्या पंपाला पाच एचपीचे बिल लागते. यासाठी मुंबईला जायचे कारण नाही. २००३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापन करावा लागतो. कोल्हापूर परिमंडलाचा, म्हणजे कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांचा मंच ताराबाई पार्कातल्या विद्युत भवनात आहे.

या मंचाची रचना पाहण्यासारखी आहे. तिथे तीन खुर्च्या असतात. पहिली अध्यक्षांची. निवृत्त न्यायाधीश, निवृत्त सनदी अधिकारी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य अशा माणसांमधून ते निवडले जातात. दुसरी खुर्ची कंपनीच्या अनुभवी अभियंत्याची. त्याला मीटर, तारा आणि नियम यांची माहिती असते. तिसरी खुर्ची नोंदणीकृत ग्राहक संस्थेच्या प्रतिनिधीची, म्हणजे तुमची-आमची. त्रयस्थ, कंपनी आणि ग्राहक एका टेबलाशी बसतात आणि निकाल देतात.

इथे जायला वकील लागत नाही. उलट, नियमांनी वकिलाला बाहेरच ठेवले आहे. ग्राहकाने स्वतः जावे किंवा माहीतगार माणसाला प्रतिनिधी म्हणून न्यावे. गाऱ्हाणे साध्या मराठीत लिहिले तरी चालते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे यावे लागते आणि मंचाने दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. राज्यात मुंबई आणि नागपूर अशी दोन ठिकाणी लोकपालांची कार्यालये आहेत. कोल्हापूरची प्रकरणे मुंबईला जातात.

काही गोष्टी मात्र मंचाच्या कक्षेत येत नाहीत. वीजचोरीचा गुन्हा आणि विजेचा अनधिकृत वापर या प्रकरणांसाठी वेगळी वाट आहे. दर जास्त आहेत, कमी करा, असेही मंचाला सांगता येत नाही, कारण ते आयोगाचे काम आहे. हा फरक माहीत नसल्यामुळे अनेकांची फेरी फुकट जाते.

आणखी दोन हक्क लक्षात ठेवावेत. बिल थकले म्हणून पुरवठा तोडायचा असेल तर कंपनीला आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुसरा हक्क भरपाईचा. २००५ मध्ये आयोगाने सेवेचे निकष घालून दिले. उदाहरणार्थ, फ्यूज गेल्याची तक्रार आल्यावर शहरात ४ तासांत आणि खेड्यात १८ तासांत पुरवठा सुरू करायचा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक तासाला ५० रुपये भरपाई द्यायची. हे नियम २०१४ आणि २०२१ मध्ये बदलले, पण सेवा उशिरा मिळाली तर ग्राहकाला भरपाई मिळाली पाहिजे हे तत्त्व कायम आहे. भरपाई मागायची तर आधी तक्रार नोंदवलेली हवी. वायरमनला फोन केला होता, एवढ्यावर भागत नाही. तक्रारीचा क्रमांक, तारीख, वेळ हे वहीत लिहून ठेवावे. जुनी बिले रद्दीत घालू नयेत. मीटरचा फोटो तारखेसह काढून ठेवावा. मंचासमोर आवाजापेक्षा कागद मोठ्याने बोलतो.

वायरमनचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपकेंद्रे आणि रोहित्रे पाण्यात गेली होती. तेव्हा चिखल तुडवत, खांबांवर चढत गावागावांत पुन्हा दिवे लावणारी माणसे याच कंपनीची होती. आपले गाऱ्हाणे त्यांच्याशी नसते. चुकीच्या नोंदीशी असते. मंचाचा उपयोग हाच, की नोंद दुरुस्त व्हावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वायरमनशी आपल्याला नीट बोलता यावे.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. मंचाचा खर्च कंपनीच करते आणि त्यातला एक सदस्य कंपनीच्या सेवेत असतो, त्यामुळे तो खरोखर तटस्थ असतो का, हा प्रश्न लोक विचारतात. तो विचारलाच पाहिजे. निकाल लागूनही अंमलबजावणी लांबते, ही तक्रारही जुनी आहे. ग्राहकाची बाजू मांडणारे बहुतेक लोक पदरमोड करून हे काम करतात. अमेरिकेत अनेक राज्यांनी यासाठी सरकारी खर्चाने स्वतंत्र ग्राहक-वकिलाचे कार्यालय ठेवले आहे. त्याचे काम एकच: दरवाढीच्या सुनावणीत ग्राहकाच्या बाजूने उभे राहणे. अशा कार्यालयांची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये तिथे स्थापन झाली. १९८३ मध्ये इलिनॉय राज्याने घरगुती ग्राहकांची सभासद-संस्था कायद्यानेच उभी केली. आपल्याकडे आयोग आहे, मंच आहे, लोकपाल आहेत. पण ग्राहकाच्या बाजूने अभ्यास करणाऱ्याला कायमचे बळ देणारी यंत्रणा मात्र नाही. ती खुर्ची मोजक्या संस्थांच्या आणि मोजक्या माणसांच्या चिकाटीवर टिकून आहे.

हा विषय आजच सांगण्याचे एक कारण आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी ती आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार त्यामुळे उतरला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बिल शून्य असले की ते कुणी वाचत नाही. तीन एचपीच्या पंपावर पाच एचपी लिहिले असले तरी आता तक्रार करायला कोण जाईल? शेतकऱ्याच्या खिशातून तर काही जात नाही. मात्र त्याच्या नावावर लिहिलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करांतून जातात. उद्या योजना संपली किंवा बदलली, तर तोच फुगलेला आकडा पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या दारात उभा राहील. वीस वर्षे भांडून जो हिशेब उघडा केला, तो मोफत या शब्दाखाली पुन्हा झाकला जाऊ शकतो. म्हणून पैसे भरायचे नसले तरी शेतकऱ्याने आपल्या बिलावरचे एचपी आणि युनिट पाहावेत. चूक असेल तर लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

कोल्हापूर हे चळवळीचे गाव आहे. अन्याय वाटला की इथला माणूस बिंदू चौकात उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी आपल्याला ते शिकवले. मोर्च्याने प्रश्न ऐरणीवर येतो. पण तो सोडवायचा तर मोर्चा संपल्यावर कुणीतरी फाईल घेऊन सुनावणीला जावे लागते. कंपनीची माणसे तिथे असतात, कारण ती त्यांची नोकरी आहे. अध्यक्ष असतात, कारण ते त्यांचे काम आहे. तिसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला मात्र आपणच कागद पुरवायचे असतात.

पुढचे बिल येईल तेव्हा एवढेच करावे. रक्कम पाहून झाली की कागद उलटावा, बाकीचे रकाने वाचावेत आणि मीटरवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले तर तोही करील.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)